ड्रॅग शर्यतीच्या मोटारसायकलचे फायबरग्लास आसन
ड्रॅग शर्यतीच्या मोटारसायकलचे फायबरग्लास आसन हे काचतंतू व रेझिन यांपासून चालकाच्या मापाने घडवलेले हलके आसन होय. पाव मैलाच्या (सुमारे ४०२ मीटर) सरळ शर्यतीत सुटताना तीव्र त्वरणामुळे चालक मागे सरकतो. त्याला अडवणारा मागचा उंचवटा हा आसनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग असून, त्याची जागा चालकाला पुढे वाकून बसवूनच ठरवतात. मूळ नमुना फोमचा कोरतात. त्यासाठी थर्मोकोल चालत नाही, कारण पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरिन त्याला विरघळवते. पॉलियुरेथेन फोम टिकतो. नमुन्यावरून साचा घेऊन त्याला आतून मेण लावतात आणि रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या चटईचे थर बसवतात. थरांतील हवेचे बुडबुडे रोलरने काढले नाहीत, तर ताण येणाऱ्या उंचवट्याच्या मुळाशी तडे जाऊ शकतात. जादा रेझिनने मजबुती नव्हे, केवळ वजन वाढते.