‘पुन्हा सांगा!’ : बिनतारी संदेशातील विलंबाचा इतिहास

तारेवाचून संदेश धाडण्याची विद्या माणसाला साधली, तेव्हा एक जुनीच अडचण नव्या रूपाने पुढे उभी राहिली. समोरच्याला नीट ऐकू गेले नाही, तर काय करावे? बाजारात आपण ‘काय म्हणालात? पुन्हा सांगा’ असे विचारून मोकळे होतो. यंत्राने तसे विचारायचे म्हणजे प्रश्न जायला वेळ, उत्तर यायला वेळ आणि तोवर काम खोळंबलेले. हा खोळंबा कसकसा कमी होत गेला, हे आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही जाणून घेण्यासारखे आहे. कॉलेजच्या प्रवेशअर्जापासून परगावच्या मुलाने धाडलेल्या पैशांपर्यंत बराचसा व्यवहार आज याच लहरींवर चालतो.

१९४० च्या दशकात हॉलंडच्या टपाल-तार खात्यातील व्हान ड्यूरेन या अभियंत्याने एक वाट काढली. त्याने रेडिओवरून जाणाऱ्या तारेतील प्रत्येक अक्षर सात खुणांचे केले. त्यांत तीन खुणा एका जातीच्या, चार दुसऱ्या जातीच्या. अशा मांडण्या बरोबर ३५ होतात. हवेतील खरखरीमुळे एखादी खूण पालटली की तीन-चारचा हिशेब मोडे आणि घेणारे यंत्र आपणहून तो मजकूर पुन्हा मागवी. चूक झाली एवढेच त्याला कळे. ती कोठे झाली, हे कळत नसे.

पुढे जहाजांवरील रेडिओ टेलेक्स याच पद्धतीने चालू लागला. त्याचे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. ४५० मिलिसेकंदांच्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळाच्या प्रत्येक फेरीत तीन अक्षरे पाठवायला २१० मिलिसेकंद लागत आणि उरलेले २४० मिलिसेकंद पोच येण्यासाठी राखलेले असत. म्हणजे निम्म्याहून अधिक काळ पाठवणारा नुसता वाट पाहत बसे.

दुसरी वाट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निघाली. तेथे १९४७ च्या सुमारास रिचर्ड हॅमिंग हे शनिवार-रविवारी आपली गणिते यंत्रावर लावून जात. यंत्राला चूक आढळली की ते गणित अर्धवट टाकून पुढच्याकडे वळे. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न हॅमिंग यांना पडला. त्यांचे उत्तर १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. मजकुराच्या चार खुणांना हिशेबाने तीन जादा खुणा जोडल्या, तर सातांपैकी कोणतीही एक बिघडलेली खूण घेणाऱ्यालाच शोधून सुधारता येते. पुन्हा विचारण्याचे कारणच उरत नाही. मात्र किंमत द्यावी लागते. चार खुणांच्या कामाला सात खर्ची पडतात.

जेथे विचारणे परवडतच नाही, तेथे ही किंमत आनंदाने दिली जाते. जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ हे यान युरेनसजवळून गेले. तेथून संदेश पृथ्वीवर यायला सुमारे पावणेतीन तास लागत; म्हणजे ‘पुन्हा सांग’ म्हटल्यावर उत्तर साडेपाच तासांनी! म्हणून रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितानुसार जादा खुणा आधीच जोडून चित्रे पाठवली गेली.

मोबाइलची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. टॉवर जवळ असतो, पण लहरींचा जोर क्षणाक्षणाला बदलतो. नेहमीच भरपूर जादा खुणा जोडाव्यात, तर जागा वाया जाते. मुळीच न जोडाव्यात, तर सारखे विचारावे लागते. तेव्हा दोन्ही उपाय एकत्र आले. सगळा मजकूर पुन्हा न पाठवता केवळ आणखी काही दुरुस्तीच्या खुणा पाठवाव्यात, असे मँडेलबॉम यांनी १९७४ मध्ये सुचविले. बिघडलेली प्रत फेकून न देता नव्या प्रतीशी जुळवून वाचावी, असे डेव्हिड चेस यांनी १९८५ मध्ये दाखविले. पावसात भिजलेल्या पत्राच्या दोन प्रती घ्या. एकीतली वरची ओळ पुसली आहे, दुसरीतली खालची. दोन्ही शेजारी ठेवल्या की पत्र पुरे वाचता येते.

एवढ्याने विलंब संपला नाही. तिसऱ्या पिढीच्या मोबाइलमध्ये आरंभी पुन्हा पाठवण्याचा निर्णय टॉवरपासून दूरच्या नियंत्रण केंद्रात होई. २००२ च्या सुधारित मानकाने तो अधिकार टॉवरलाच दिला आणि हेलपाटा वाचला. २००८ मध्ये ठरलेल्या चौथ्या पिढीच्या एका मुख्य प्रकारात चुकलेले पुडके आठ मिलिसेकंदांनी पुन्हा जाते. आणि त्या आठांत रिकामे बसायचे नाही, म्हणून आठ पुडक्यांचे काम एकाआड एक चालू ठेवतात. जहाजावरच्या टेलेक्सचा तो रिकामा वेळ असा भरून निघाला.

येथे एक नवल सांगण्यासारखे आहे. या यंत्रणेत पहिल्या खेपेस दहांपैकी सुमारे एक पुडके चुकेल, असा हिशेब मुद्दामच धरतात. एकही चूक होऊ नये म्हणून फार सावध राहिले, तर सगळाच वेग मंदावतो. याउलट, क्षणाचाही उशीर चालणार नाही अशा कामांसाठी पाचव्या पिढीत पोचेची वाट न पाहता तोच मजकूर लागोपाठ अनेकदा पाठवण्याची सोय आहे.

विद्यार्थी मित्रहो, या साऱ्या इतिहासात लहरी सुधारल्या नाहीत. हवेतली खरखर होती तशीच आहे. सुधारली ती चुकीशी वागण्याची रीत. चुकलेला मजकूर टाकून द्यायचा नाही, त्यात उणे असेल तेवढेच मागायचे, निर्णय जवळच्याने घ्यायचा आणि वाट पाहण्याचा वेळ कामी लावायचा. परीक्षेत तपासून आलेली उत्तरपत्रिका हाती घेताना ही रीत आठवावी, आणि पालकांनीही ती आठवावी, एवढेच सांगणे.