दात काय सांगतात, काय सांगत नाहीत

आमच्या नानीच्या घरी जात्याला टाकी लावून घेतली की पहिलं पीठ ती कुणाला खाऊ देत नसे. ते गुरांपुढे जायचं. "दाताखाली कच येते," एवढंच ती म्हणायची. पुढे पुरातत्त्वाची पुस्तकं चाळू लागलो तेव्हा कळलं, की नानीच्या या एका वाक्यावर अख्खं शास्त्र उभं आहे.

दाताचं वरचं कवच ही शरीरातली सर्वांत टणक वस्तू. माती हाडं खाऊन टाकते, दात मात्र हजारो वर्षं टिकतात. पण मोडलेलं हाड सांधतं, झिजलेलं कवच पुन्हा येत नाही. म्हणून माणसाने जे खाल्लं, जेवढं चावलं, लहानपणी जो आजार काढला, त्याची खूण दातावर राहते. दगडावर दळलेल्या पिठात दगडाचे कण उतरतात आणि त्यातली गारगोटी दाताच्या कवचापेक्षाही कठीण असते.

झिजेवरून वय कसं काढतात, तेही सोपं आहे. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या, अक्कलदाढ अठराव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे दुसरी दाढ उगवते तेव्हा पहिलीने सहा वर्षं चावण्याचं काम केलेलं असतं. त्या वस्तीतल्या मुलांचे दात पाहून सहा वर्षांत किती झीज होते ते कळलं, की त्याच मापाने मोठ्यांचं वय मोजता येतं. इंग्लंडमध्ये माइल्स यांनी 1960 च्या दशकात जुन्या अँग्लो-सॅक्सन सांगाड्यांवर ही रीत बसवली. एका वस्तीचं माप दुसऱ्या वस्तीला लावायचं नाही, ही त्यातली अट. प्रत्येक घरचं जातं वेगळं!

झिजेचा कोनही बोलतो. 1984 मध्ये होली स्मिथ यांनी दाखवलं, की शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांच्या दाढा सपाट झिजतात, तर शेतकऱ्यांच्या तिरक्या. दळलेलं, शिजवलेलं अन्न मऊ असतं, त्यामुळे दाढ दाढेवर वेगळ्या तऱ्हेने घासते. शेतीबरोबर कीडही वाढली. पिष्टमय अन्न दातांच्या फटीत बसतं आणि जंतूंची चंगळ होते. बऱ्याच ठिकाणी बायकांच्या दातांना पुरुषांपेक्षा जास्त कीड दिसते.

आता बलुचिस्तानात, बोलन खिंडीच्या पायथ्याशी जाऊ. मेहरगढ ही उपखंडातल्या सर्वांत जुन्या शेतकरी वस्त्यांपैकी एक. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जारीज यांच्या पथकाने 1974 पासून तिथे उत्खनन केलं. तिथल्या नवाश्मयुगीन कब्रस्तानात नऊ माणसांच्या अकरा दाढांना छिद्रं पाडलेली सापडली. 2006 साली 'नेचर'मध्ये ही बातमी आली तेव्हा जगभरचे दंतवैद्य चकित झाले. ही छिद्रं साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. छिद्रांच्या कडा पुढे चावून गुळगुळीत झालेल्या होत्या, म्हणजे माणूस जिवंत असताना हे झालं आणि नंतरही तो जेवत राहिला. दाढा मागच्या, तोंड उघडलं तरी न दिसणाऱ्या, तेव्हा हा शृंगार नव्हे. काहींत कीडही आढळली. मेहरगढचे कारागीर गारगोटीच्या टोकाच्या सामत्याने मणी भोकत असत, तेच कसब इथे वापरलं असावं. संशोधकांनी तसं धनुष्याचं सामतं बनवून पाहिलं, तर दाताला एका मिनिटाच्या आत भोक पडलं. पण ते एक मिनिट कसं गेलं असेल, ते दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्यांनाच विचारा. दीडेक हजार वर्षं हे चाललं आणि मग थांबलं. त्याच मेहरगढच्या पुढच्या काळातल्या कबरींत कीड आहे, पण भोकं नाहीत.

झीज ही जगण्याची खूण, तर दाताचा आकार हा वारशाचा. पुढच्या दातांची आतली बाजू फावड्यासारखी खोलगट असणं ईशान्य आशियात आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत जास्त आढळतं. वरच्या दाढेला आतून एक जादा टेंगूळ असणं युरोपात जास्त. अमेरिकेतल्या टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लक्षणांचे प्लास्टरचे नमुने करून 1991 मध्ये मोजण्याची पद्धत ठरवून दिली.

आणि इथेच मी जरा सावध होतो. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न मराठी मुसलमानाला नवा नाही. गावात पिढ्या गेल्या तरी कुणीतरी विचारतंच. दातांनाही हाच प्रश्न विचारला गेला. 1991 मध्ये हेम्फिल, लुकाक्स आणि केनेडी यांनी लिहिलं, की वायव्य उपखंडातल्या सांगाड्यांत दोन ठिकाणी खंड दिसतो : एक इसवी सनपूर्व 6000 ते 4500 च्या दरम्यान, दुसरा इसवी सनपूर्व 800 नंतर. मधल्या काळात मोठा बदल नाही. झालं! बाहेरून कुणी आलंच नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे निष्कर्ष वर्षानुवर्षं मिरवले. मग 2019 मध्ये प्राचीन डीएनएचा मोठा अभ्यास आला आणि त्यात इसवी सनपूर्व 2000 ते 1500 च्या सुमारास गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश इथे मिसळल्याचं दिसलं. संशोधकांनी खोटं सांगितलं नव्हतं. दात जेवढं सांगू शकत होते तेवढंच त्यांनी लिहिलं होतं, बाकीचं इतरांनी त्यांच्या तोंडी घातलं. दाताची लक्षणं गटातल्या प्रमाणावरून वाचायची असतात. एका माणसाचा जबडा उघडून त्याचं मूळ सांगता येत नाही, आणि धर्म तर मुळीच नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव या शास्त्रात जगभर माहीत आहे. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे सुमारे पंधरा वर्षं खोदकाम केलं. 1988 च्या अहवालावर ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी अशी तीन नावं आहेत. झेड. डी. अन्सारी यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं, याची मला खंत आहे. इथे दोनशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्यांत बहुतेक लहान मुलं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात मूल ठेवायचं आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं, अशी रीत होती.

या मुलांचे दुधाचे दात लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे वाळिंबे यांनी तपासले. दुधाच्या दाताचं कवच आईच्या पोटात असतानाच बनू लागतं आणि जन्मानंतर वर्षभरात पुरं होतं. त्या काळात उपासमार किंवा आजार आला की कवच तिथे पातळ राहतं. इनामगावच्या मुलांच्या सुळ्यांवर असे छोटे खड्डे आहेत. उत्तर जोर्वे काळात पाऊस कमी झाला, शेती रोडावली आणि लोक पुन्हा शिकारीकडे वळले, असं ढवळीकरांचं मत होतं. तीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या काठी एखाद्या बाईला दिवस गेले असताना घरात धान्य होतं की नव्हतं, याचा शोध आता त्या तांदळाएवढ्या सुळ्यावरच्या खड्ड्यात घेतला जातो.