चिखलातला ट्रॅक्टर गवतावर



जुना बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, खांदा पाहतो. तो औताला होता की गाडीला, हेही विचारतो. जुना ट्रॅक्टर घेताना मात्र पुष्कळजण रंग पाहतात आणि किंमत विचारतात. पहिल्या मालकाकडे त्याने काय काम केले, हे विचारायचे राहून जाते. या राहिलेल्या प्रश्नाची एक हकीकत आज सांगायची आहे. ती जपानची आणि अमेरिकेची आहे.

डिझेल इंजिन प्रथम यशस्वीपणे चालले ते १८९७ साली, जर्मनीत आउग्सबुर्ग येथे. माणसाहून उंच, जागचे न हलणारे ते धूड होते. ते लहान करण्याचा ध्यास ओसाकाच्या मागोकिची यामाओका यांनी घेतला. १९३३ साली त्यांच्या यानमार कारखान्यात शेतकऱ्याला परवडेल एवढे छोटे डिझेल इंजिन तयार झाले. पुढे जपानात छोटे ट्रॅक्टरही बनू लागले. तिथली भातखाचरे लहान, म्हणून ट्रॅक्टरही लहान, हलका, आणि मागे रोटाव्हेटर लावून चिखल करणारा.

अमेरिकेत गरज निराळीच होती. शहराबाहेर घर, भोवती दोनचार एकर जागा, आणि सगळीकडे गवत. मोठा ट्रॅक्टर तिथे जड पडे. १९७७ साली जॉन डिअर कंपनीने यानमारकडून बनवून घेतलेले छोटे डिझेल ट्रॅक्टर विकायला काढले. मागणी वाढली, तसे व्यापारी जपानातले वापरलेले ट्रॅक्टर स्वस्तात आणू लागले.

ट्रॅक्टर चांगले होते, पण ते चिखलासाठी घडवलेले! आता गोम कुठे होती, ते ऐका. गवत कापायचे यंत्र पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालावे असे बनवलेले असते. भातखाचरातल्या ट्रॅक्टरला पीटीओचे आणखी वेगाचे गिअर असत. चुकून तो गिअर पडला, की पाती भलत्याच वेगाने फिरणार.

दुसरी गोष्ट याहून वाईट. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत चाकांना आणि पीटीओला क्लच एकच. चालक क्लच दाबतो; पण जड पाती आपल्याच जोराने फिरत राहतात आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढे रेटतात. थांबला म्हणता म्हणता कुंपणात! यावर उपाय साधा आहे. सायकलच्या फ्रीव्हीलसारखी, एकाच दिशेने जोर पोचवणारी कपलिंग पीटीओवर बसवायची.

शिवाय धोक्याच्या सूचना जपानी भाषेत, आणि सुटे भाग स्थानिक दुकानात मिळेनात. कुबोता कंपनीने तक्रार केली. १९९७ साली अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तक्रारीतल्या जुन्या ट्रॅक्टरांची आयात रोखली, आणि १९९९ साली अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. ध्यानात घ्या, ते ट्रॅक्टर बनावट नव्हते. कुबोताचेच होते. पण नाव तेच असले तरी सूचना, सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय त्या नावामागे नव्हती.

मग जुने यंत्र घ्यायचेच नाही का? जरूर घ्यावे, पण पारखून. सुरू करण्याआधी इंजिनाला हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल, तर विक्रेता थंड इंजिनाची खोड लपवीत असेल. पुढच्या आसाचे थोडे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. गवत कापताना भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापते. ती जाळी वरचेवर झाडावी. पात्याच्या बेअरिंगला ग्रीस द्यावे. लिफ्टवर उचललेल्या यंत्राखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय कधीही हात घालू नये.

आणि चालकाच्या डोक्यावर संरक्षक चौकट हवीच. नव्या ट्रॅक्टरांना ती असलीच पाहिजे, असे स्वीडनने १९५९ सालीच ठरवले. उतारावर ट्रॅक्टर उलटला, तर चौकट आणि कमरेचा पट्टा माणसाला वाचवतात.

आपल्याकडेही द्राक्षबागांत आणि फळबागांत छोटे ट्रॅक्टर या हातातून त्या हातात जातात. सौदा करण्यापूर्वी एवढे जरूर विचारा: "बाबा रे, हा आजवर कशाला जुंपला होता?"