दस्त आणि जमीन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या धाकट्या भावाने बोईसरमधले आपले घर विकायला काढले. इमारत जुनी नव्हे, सात-आठ वर्षांपूर्वीची. करारनामा रीतसर नोंदवलेला, मुद्रांक शुल्क भरलेले, इंडेक्स टू हातात. गिऱ्हाईकही ठरले. पण त्याच्या बँकेच्या वकिलांनी जमिनीचे जुने फेरफार काढले आणि एका नावावर बोट ठेवले. जमीन पूर्वी एका वारली कुटुंबाची होती. वकील म्हणाले, "तेव्हाच्या विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी होती का? तो आदेश दाखवा." बिल्डरने तो आदेश कधी दाखवलाच नव्हता. भाऊ मला म्हणाला, "भाई, मग मी रजिस्ट्रेशन केले ते कशाचे?"

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते.

'दस्त' हा शब्द फारसीतला. त्याचा अर्थ हात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करायची असे ठरले. त्या नोंदणीची रीत आज १९०८ च्या कायद्याने चालते. दुय्यम निबंधक पाहतात ते सही-अंगठा करणारा हात कोणाचा, मुद्रांक पुरेसा आहे की नाही. विकणारा खरा मालक होता का, याचा निवाडा तिथे होत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून नोंदणी हीच मालकी, अशी पद्धत आली. आपल्याकडे नोंदला जातो तो दस्त, मालकी नव्हे.

दुसरे दप्तर तलाठ्याचे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. आजचा फेरफार आणि सातबारा त्याच वाटेवरचे. पण ही नोंद मुळात साऱ्यासाठी. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात, इतकेच. म्हणून वकील तीस-तीस वर्षांचा शोध घेतात आणि साखळीची कडी न् कडी तपासतात.

फ्लॅट आले तसा गुंता वाढला. घर आपल्या नावे, जमीन मात्र बिल्डरच्या किंवा मूळ शेतकऱ्याच्या नावे. १९६३ च्या मोफा कायद्याने जमीन सोसायटीच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक केले. अनेकांनी ते केलेच नाही. अखेर २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरण आले. बिल्डर टाळत असेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. २०१७ पासून रेराही आहे.

आमच्या भागाची कहाणी याहून खोल आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, बोईसरला एमआयडीसी वाढली. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत पोचली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. भाताच्या खाचरांवर इमारती उठल्या. पण ही खाचरे कोणाची होती? सावकार-जमीनदारांनी आदिवासींच्या जमिनी कशा घेतल्या, हे १९४५ च्या वारल्यांच्या उठावाने जगापुढे आणले. त्यांच्याकडेही अंगठे उमटलेले कागद होतेच. हात आदिवासीचा, लिहिणारा सावकार. म्हणूनच १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी.

भावाला या अटीचा राग आला. मलाही आधी आला होता. पण ती अट त्याला अडवायला लिहिलेली नव्हती. घर विकताना त्याचा खोळंबा झाला, पण ज्यांची जमीन एका अंगठ्यावर गेली, त्यांचे काय काय गेले असेल? राग धरायचाच, तर आदेश न दाखवता घरे विकणाऱ्यावर धरावा. आणि घेणाऱ्यानेही टाइल्स पाहण्याआधी फेरफार पाहावेत.

पाच महिन्यांनी त्या आदेशाची प्रत जुन्या दप्तरात सापडली. परवानगी होती. तोवर गिऱ्हाईकाने पालघरला दुसरे घर घेतले होते. सोसायटीने आता अभिहस्तांतरणाचा अर्ज तयार केला आहे. त्याला जोडायच्या कागदांत भावाने ती प्रत सर्वांत वर ठेवली आहे.