दाताच्या मुळाशी उरलेला राडारोडा

मागच्या वेळी आम्ही मशेरीवर बोललो, तेव्हा एका ताईंनी विचारलं होतं, "दाढ किडलीय, पण दुखत नाही. हिरडीवर नुसती गाठ आहे. मग डॉक्टरकडे कशाला जायचं?" या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही पार फ्रान्समध्ये जाऊन पोहोचलो, आणि तेही सव्वाशे वर्षांहून जास्त मागे.

तिथे लुई शार्ल मालासे नावाचे एक डॉक्टर होते. जन्म 1842चा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा माणूस. रक्तातल्या पेशी मोजायचं उपकरण त्यांनी बनवलं, आणि 1874 साली डोक्यातल्या कोंड्यात बुरशी पाहिली. त्या बुरशीला पुढे त्यांचंच नाव मिळालं, मालासेझिया. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर या गृहस्थांचं नाव आहे, आपल्याला पत्ताच नाही!

1885 साली त्यांनी दाताच्या मुळाभोवतीच्या पडद्याविषयी लिहिलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा एक पातळ पडदा असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्यावर दात टांगलेला असतो म्हणून तर भाकरी चावताना धक्का सोसतो. या पडद्यात मालासे यांना पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. त्या पेशी तिथल्या वाटेनात, कातडीच्या जातीच्या वाटल्या. हाडाजवळ, इतक्या खोल, कातडीच्या जातीच्या पेशी कशा?

याचं उत्तर घर बांधणाऱ्या बाईला लगेच कळेल. स्लॅब टाकायच्या आधी सेंट्रिंग लावतात. फळ्यांचा जसा आकार तसा स्लॅबचा. दाताचंही तसंच आहे. आधी वरचा भाग तयार होतो, मग मूळ खाली वाढतं, आणि मुळाला आकार द्यायला पेशींचं दोन पदरी वेष्टन असतं. हे वेष्टन जर्मनीच्या ऑस्कर हेर्टविग यांनी 1874 साली बेडकाच्या कुळातल्या प्राण्यांत दाखवलं होतं. मूळ तयार होत जातं तशी ही सेंट्रिंग फाटते, मोडते. पण फळ्या सगळ्याच्या सगळ्या उचलल्या जात नाहीत, काही तुकडे तिथेच राहतात. मालासे यांनी त्यांना नाव दिलं त्याचा अर्थच 'राडारोडा' असा होतो. त्यांच्याही आधी, 1817 साली, सेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांना हिरडीत असे गोळे दिसले होते, पण त्यांना त्या ग्रंथी वाटल्या.

मालासे आणखी एक गोष्ट म्हणाले, आणि आमच्या ताईंचा प्रश्न तिथेच येतो. दाताच्या मुळाशी पाण्याने भरलेली पिशवी होते, डॉक्टर तिला सिस्ट म्हणतात. ती या उरलेल्या पेशींतूनच होते, असं त्यांनी मांडलं. दाढ आतून किडते, आतली नस मरते. नस मेली की ठणका थांबतो, आणि आपण म्हणतो, "बरं झालं गं, राहिलं." पण मुळाच्या टोकाशी दाह सुरूच असतो. त्या दाहाने निजलेल्या पेशी जाग्या होतात, वाढतात, पिशवी धरतात. पिशवी फुगते तसं भोवतीचं हाड मागे सरतं. बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून एक्स-रे काढेपर्यंत कळतच नाही.

आमच्याच गटातल्या एकीचं असं झालं. आठवडी बाजारात दात काढणाऱ्याकडून तिने दाढ उपटून घेतली, स्वस्तात काम झालं म्हणून आम्हीही खूश. दीड वर्षाने त्याच जागी जबडा सुजला. दाढ गेली होती, पिशवी आतच राहिली होती. शेवटी जबड्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. गटातून कर्ज दिलं आम्ही, पण तिचे पंधरा दिवस पेजेवर गेले.

आता त्या राडारोड्याची पुढची गोष्ट. बरीच वर्षं अनेकांना या पेशी निरुपयोगी वाटत होत्या. पण दाताचं मूळ हाडाला चिकटून बसू नये म्हणून त्या राखण करतात, असं पुष्कळ संशोधक मानू लागले. मग 2008 साली जपानमध्ये डुकराच्या दातांतल्या या पेशी दाताच्या आतल्या मगजातल्या पेशींबरोबर उंदरात वाढवल्या, तर दातावरच्या चकाकत्या कवचासारखं काही तयार झालं. हे मोठंच म्हणायचं, कारण कवच घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. म्हणून तर आपलं झिजलेलं कवच परत येत नाही. 2012 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेंढीच्या याच पेशींतून हाड, चरबी, कूर्चा अशा निरनिराळ्या जातीच्या पेशी वाढवल्या. माणसाच्या पेशींतही असे गुण दिसले आहेत. ज्या पेशीतून वेगवेगळ्या पेशी होऊ शकतात तिला स्टेम सेल, मूळपेशी म्हणतात. नाव अगदी शोभतं, मुळाशीच सापडली ना!

पण हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे, बायांनो. या पेशींपासून नवा दात उगवून देतो असं कुणी गावात येऊन सांगितलं, तर गटाचे पैसे त्याच्या हाती द्यायचे नाहीत. आज दवाखान्यात मिळतं ते साधंच आहे: एक्स-रे, मुळाची सफाई म्हणजे रूट कॅनल, नाहीतर दाढ काढून पिशवी पूर्ण साफ करणं.

प्रश्न विचारणाऱ्या ताई मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आल्या. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा ठिपका दिसला. लहान आहे, दाढ वाचेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय, आमच्यातली एक सोबत जाणार आहे.