परम्यावरचे चंदन
लघवीला जळजळ होते म्हणून आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात येणाऱ्याला आजोबा सराटे आणि वायवर्ण्याची साल बांधून देत. वरच्या फळीवर कबाबचिनी असे, शेपटी फुटलेली मिरीच जणू. जावा बेटाकडचा हा माल एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टरही परम्यावर, म्हणजे गनोरियावर, सर्रास देत. जोडीला चंदनतेल. म्हैसूरच्या चंदनावर १७९२ पासून, टिपूच्या काळापासून, सरकारी मक्ता. पण तेल काढायला लाकूड जाई जर्मनीला. पहिले महायुद्ध पेटले, तो रस्ता बंद झाला, आणि १९१६ साली संस्थानाने स्वतःचाच तेलाचा कारखाना काढला. आज लोकांना त्यातला साबण तेवढा आठवतो. औषधवाले गिऱ्हाईक कुणी सांगत नाही. गुप्तरोगाचे औषध मिरवणार कोण!

१९३५ नंतर सल्फा औषधे आली, मग पेनिसिलिन, आणि चंदनतेल डॉक्टरांच्या चिठ्ठीतून गळाले. आता लघवीच्या संसर्गामागचे ई. कोलाय जंतू बऱ्याच अँटिबायोटिकना जुमानत नाहीत, तशी वनस्पतींची चौकशी पुन्हा वाढली आहे. त्यातल्या त्यात पुरावा आहे तो अमेरिकेतल्या क्रॅनबेरीचा. तिच्यातली द्रव्ये जंतूंना मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असे मानतात. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात, वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांमधला धोका सुमारे पाव हिश्शाने घटलेला दिसला. पण हा प्रतिबंध झाला. जडलेला संसर्ग त्याने हटत नाही. थंडीताप आणि कुशीत कळ घेऊन आलेल्याला मी सराटे विकत नाही, डॉक्टरकडे धाडतो आणि लघवीचे कल्चर करून घ्यायला सांगतो.