हिऱ्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उत्सर्जन

घन पदार्थातील इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास उष्णता, प्रकाश किंवा तीव्र विद्युत् क्षेत्र लागते. रेडिओच्या निर्वात नलिकेतील ऋणाग्र ह्याच कारणासाठी तापवीत. हिरा विजेचा उत्तम निरोधक असल्याने इलेक्ट्रॉनांचा उगम म्हणून त्याचा विचार दीर्घकाळ फारसा झाला नाही.

१९७९ मध्ये अमेरिकेत एफ. जे. हिम्प्सेल, डी. ई. ईस्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिऱ्याच्या अष्टफलकी पृष्ठावर जंबुपार किरण टाकले, तेव्हा अनपेक्षितपणे विपुल इलेक्ट्रॉन बाहेर पडले. संवहन पट्टाचा तळ निर्वाताच्या पातळीपेक्षा वर असेल, तर तेथवर पोहोचलेल्या इलेक्ट्रॉनास पृष्ठावर अडथळा उरत नाही. ह्या स्थितीला ऋण इलेक्ट्रॉन आसक्ती म्हणतात. सिझियमाचा लेप दिलेल्या गॅलियम आर्सेनाइडात ती १९६५ मध्येच साधली होती. पण तो पृष्ठ किंचित दूषित झाला तरी निकामी होतो. हिऱ्याचा पृष्ठ टिकाऊ होता. ह्याचे श्रेय मात्र केवळ हिऱ्याचे नाही, हे पुढे उमगले. पृष्ठावरील कार्बन अणूंना हायड्रोजन जोडलेला असतो व त्यामुळे तेथे विद्युत् द्विध्रुवांचा थर बनतो. सु. १,००० से. पर्यंत तापवून हायड्रोजन घालविला की हा गुण नाहीसा होतो. ऑक्सिजन जोडल्यास आसक्ती धन होते.

मिथेन व हायड्रोजन यांच्या मिश्रणापासून कमी दाबाखाली हिऱ्याचे पटल बनविण्याची कृती १९८०–९० च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली. १९९१ पासून अशा पटलांतून अल्प विद्युत् क्षेत्रातही उत्सर्जन होत असल्याचे वृत्तांत येऊ लागले. न तापविता चालणारा ऋणाग्र व त्यावर आधारलेला दूरचित्रवाणीचा सपाट पडदा आता दूर नाही, असे अनेकांना वाटले. ही आशा घाईची होती. निर्दोष हिऱ्याचा संवहन पट्ट जवळजवळ रिकामा असतो. दार उघडे असून घरात कोणी नाही, अशीच ती स्थिती. १९९५ मध्ये डब्ल्यू. झू व सहकाऱ्यांनी सदोष पटले चांगल्या पटलांपेक्षा अधिक उत्सर्जन करतात, असे दाखविले. म्हणजे उत्सर्जनाचे श्रेय बहुतांशी स्फटिकदोष व कणसीमांवरील ग्रॅफाइटसदृश कार्बन यांना जाते. सूक्ष्म टोकापाशी क्षेत्र एकवटते, हेही विसरून चालत नाही. अशा टोकांतून होणाऱ्या क्षेत्रीय उत्सर्जनाचा अभ्यास पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात दिलीप जोग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ केला. त्यात धातूंबरोबर लँथॅनम हेक्साबोराइडासारखे पदार्थही होते.

इलेक्ट्रॉनांचा पुरवठा हा खरा प्रश्न होता. बोरॉनाची भेसळ केल्यास हिरा संवाहक होतो, पण त्यात इलेक्ट्रॉनांऐवजी धन विवरे वाहतात. नायट्रोजनाची पातळी संवहन पट्टाच्या सु. १·७ इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली असते. नेहमीच्या तापमानास तेथून इलेक्ट्रॉन क्वचितच सुटतो. १९९७ मध्ये जपानमध्ये एस. कोइझुमी यांनी फॉस्फरसयुक्त हिरा बनविला, तेव्हा हे अंतर सु. ०·६ पर्यंत उतरले. २००९ मध्ये अशा पटलाचे कार्यफलन केवळ ०·९ इलेक्ट्रॉन व्होल्ट आढळले (टंगस्टनाचे सु. ४·५ आहे). उष्णतेचे थेट विजेत रूपांतर करणाऱ्या साधनांसाठी त्यावर संशोधन होत आले आहे.

निर्वाताबाहेरही ह्या गुणाचा उपयोग होतो. २०१३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट हॅमर्स व सहकाऱ्यांनी हायड्रोजनयुक्त हिरा पाण्यात ठेवून त्यावर जंबुपार किरण टाकले. पाण्यात उतरलेल्या इलेक्ट्रॉनांनी तेथील नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर केले.